चिन्ह झाकून उमेदवार वाचताना

1951-52च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी मतदारांसाठी ही सोय अत्यंत योग्य होती. पुढे सोयीची सवय झाली, सवयीची निष्ठा झाली, आणि आज ज्या घरात सर्वजण पदवीधर आहेत त्या घरातही मतदानाच्या आदल्या रात्री ‘आपले चिन्ह कितव्या क्रमांकावर आहे’ एवढीच चौकशी होते. 2015पासून मतदान यंत्रावरील मतपत्रिकेत उमेदवाराचे छायाचित्रही छापले जाते, तरी पुष्कळांची नजर त्या छायाचित्रावर क्षणभरही थांबत नाही.

पक्षनिष्ठा हा दोष आहे असे येथे म्हणायचे नाही. अडचण अशी की आपल्याकडे उमेदवार कोण असावा हे पक्षनेतृत्व ठरवते, सामान्य सभासद किंवा मतदार नव्हे. मतदार चिन्ह पाहूनच बटण दाबणार याची खात्री झाली की नेतृत्वाला चांगला उमेदवार शोधण्याचे कारणच उरत नाही. मग पैसा, भावकीचे बळ आणि निवडून येण्याची क्षमता एवढ्यावर तिकीट दिले जाते. आपल्याच पक्षाने चांगली माणसे उभी करावीत असे ज्याला मनापासून वाटते, त्याने तर उमेदवार अधिकच बारकाईने तपासायला हवा. ही तपासणी कशी करावी, त्यासाठी कोणते कागद वाचावेत आणि त्या कागदांना किती महत्त्व द्यावे, हे पुढे सांगितले आहे. एका मतदारसंघातल्या प्रमुख तीन-चार उमेदवारांसाठी दोन निवांत संध्याकाळी पुरतात.

आधी जागा कोणती ते पाहावे

सर्व निवडणुकांना एकच माप लावता येत नाही, आणि पक्ष विरुद्ध व्यक्ती या वादात नेमका हाच मुद्दा निसटतो. पक्षाला किती वजन द्यावे हे त्या जागेच्या कामावरून ठरते.

लोकसभा आणि विधानसभा येथे पक्षाचे वजन खरोखर मोठे आहे, कारण ते कायद्यानेच तसे केले आहे. 1950 साली लागू झालेल्या मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांचा विचारच नव्हता. 1985च्या 52व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा आला, आणि पक्षादेशाविरुद्ध, म्हणजे व्हिपविरुद्ध, मतदान करणाऱ्या किंवा परवानगीशिवाय मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याची जागा धोक्यात आली; पक्षाने पंधरा दिवसांत त्याला माफ केले तरच तो वाचतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की आपण कितीही अभ्यासू आणि स्वच्छ माणूस निवडून दिला, तरी पक्षादेश निघाल्यावर तो पक्ष सांगेल त्याच बाजूने हात वर करील. म्हणून या दोन सभागृहांसाठी पक्षाचा जाहीरनामा, त्याची आजवरची वागणूक आणि सरकार कोणाचे यावे याविषयीचे आपले मत हे विचारात घेणे पूर्णतः रास्त आहे. ‘फक्त माणूस पाहा’ असा सल्ला देणारे लोक ही बाजू सांगत नाहीत, आणि त्यामुळे त्यांचा सल्ला अर्धवट राहतो.

पण वजन मोठे असणे म्हणजे सर्वस्व असणे नव्हे. प्रश्न विचारणे, लक्षवेधी सूचना मांडणे, समितीत बसून विधेयकाचा मसुदा ओळीओळीने तपासणे, अधिकाऱ्यांकडून काम करवून घेणे या गोष्टींना पक्षादेश लागत नाही, आणि सदस्याचे बहुतेक दिवस त्यातच जातात. शिवाय चिन्ह पाहून दिलेले मत त्या चिन्हापाशीच राहील याचीही हमी नाही. महाराष्ट्रात 2022 आणि 2023 या लागोपाठच्या दोन वर्षांत दोन मोठ्या पक्षांत फूट पडली आणि पक्षाचे नाव व चिन्ह कोणाचे हा वाद निवडणूक आयोगापर्यंत गेला. 2019मध्ये ज्या चिन्हाला मत दिले ते चिन्हच दुसऱ्या गटाकडे गेलेले पाहण्याची वेळ अनेकांवर आली. अशा प्रसंगी मतदाराच्या हाती शेवटी उमेदवाराचा स्वभावच उरतो.

खाली उतरू लागले की चित्र बदलते. ग्रामपंचायतीची निवडणूक आपल्या राज्यात पक्षचिन्हावर होतच नाही. नगरपरिषद, महानगरपालिका आणि जिल्हा परिषद येथे पक्ष असतात, आणि 1986च्या राज्य कायद्यानुसार तेथेही पक्षादेश लागू होतो; परंतु पाणी किती वेळ येते, कचरा कोण उचलतो, शाळेची दुरुस्ती कधी होते आणि कामाचे देयक कोणत्या ठेकेदाराला मिळते, यांत विचारसरणीचा भाग फारच थोडा असतो. माझे मत स्पष्ट आहे: विधानसभेला पक्ष आणि उमेदवार यांना जवळपास सारखे वजन द्यावे, आणि नगरसेवक निवडताना पक्षाला चार आण्यांपेक्षा जास्त देऊ नये.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बहुसदस्यीय प्रभागात प्रत्येक जागेसाठी आपले मत स्वतंत्र असते. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे, पण राज्यातील इतर महानगरपालिकांत एका प्रभागातून तीन-चार जण निवडले जातात आणि प्रत्येक मतदाराला तितकीच मते असतात. ‘पॅनेल टू पॅनेल चालवा’ ही घोषणा पक्षांच्या सोयीची आहे. मतदारावर तसे कोणतेही बंधन नाही. अ जागेवर एका पक्षाचा, ब जागेवर दुसऱ्याचा आणि क जागेवर अपक्ष उमेदवार निवडणे पूर्णपणे नियमाला धरून आहे. जिल्हा परिषदेचा मतदारसंघ म्हणजे गट आणि पंचायत समितीचा मतदारसंघ म्हणजे गण, यांच्या मतांचेही तसेच, आणि थेट निवडल्या जाणाऱ्या नगराध्यक्षाचे मत नगरसेवकाच्या मताला बांधलेले नसते. गुणवत्तेवर मत देण्याची सवय लावून घ्यायची असेल तर तिची सुरुवात येथूनच करावी, कारण येथे पक्ष पूर्णपणे सोडावाही लागत नाही.

शपथपत्र कोठे मिळते आणि ते का मिळते

उमेदवाराची माहिती मिळवणे हा आज मतदाराचा हक्क आहे, पण तो सहज मिळालेला नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या याचिकेतून निघालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2002 रोजी निकाल दिला की उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेणे हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्यानंतर संसदेने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 33-ब घालून ही माहिती देण्याचे बंधन सौम्य करण्याचा प्रयत्न केला. 13 मार्च 2003 रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले. पक्षोपक्षांत एरवी कितीही वैर असले, तरी मतदाराला कमी सांगण्याच्या बाबतीत त्यांचे मत त्या वेळी आश्चर्यकारक रीतीने जुळले होते. 2013च्या सप्टेंबरमध्ये शपथपत्रातील रकाने कोरे सोडता येणार नाहीत असाही निकाल आला.

लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवाराला नामनिर्देशनपत्रासोबत नमुना 26मधील शपथपत्र द्यावे लागते. ते भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरील शपथपत्रांच्या विभागात आणि आयोगाच्या ‘नो युवर कँडिडेट’ या अ‍ॅपमध्ये कोणालाही पाहता येते. वर उल्लेखिलेली संस्था त्यातील मजकूर ‘मायनेता’ या संकेतस्थळावर कोष्टकांत मांडते; तुलनेसाठी ते सोयीचे आहे, पण शंका आल्यास मूळ स्कॅन केलेली प्रतच वाचावी. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तेथेही शपथपत्र घेतले जाते. ते सापडले नाही तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात चौकशी करावी.

वेळेचे गणितही ध्यानात असू द्यावे. विधानसभा-लोकसभेत अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवसानंतर मतदानापर्यंत किमान चौदा दिवस मिळतात. माघारीची मुदत संपण्याआधी वाचायला बसू नये, कारण बरीच नावे गळणार असतात. त्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत उपयोगाचा असतो. शेवटच्या तीन-चार दिवसांत अफवा, ध्वनिफिती आणि कापलेल्या चित्रफिती एवढ्या येतात की शांतपणे वाचन होत नाही.

येथे एक छोटी युक्ती करावी. घरातल्या एकाने तीन-चार शपथपत्रांचा सारांश, म्हणजे नमुन्याचा भाग ‘ब’, नाव आणि पक्ष वगळून मोठ्याने वाचावा व बाकीच्यांनी त्यांना पसंतीक्रम द्यावा. नंतर नावे उघडावीत. पसंतीक्रम बदलण्याची इच्छा झाली, तर ती कशामुळे झाली याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःलाच द्यावे. हा प्रयोग गमतीचा वाटतो, पण एरवी लांबलचक चर्चेतून जे कळत नाही ते त्यातून दहा मिनिटांत कळते.

गुन्ह्यांचा रकाना

‘त्याच्यावर अकरा गुन्हे आहेत’ या वाक्याला स्वतंत्रपणे काहीच अर्थ नाही. कलमे वाचल्याशिवाय ती संख्या विरोधकांच्या भाषणासाठी ठेवावी. रस्ता रोको, मोर्चा, जमावबंदी मोडणे यांसाठी आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची कलमे 37 व 135, आणि जुन्या भारतीय दंड संहितेची 143, 188, 341 ही कलमे सर्रास लागतात. पाण्यासाठी किंवा कांद्याच्या भावासाठी दहा वर्षे आंदोलने करणाऱ्या कार्यकर्त्याच्या नावावर असे पंधरा गुन्हे सहज साचतात, आणि ते त्याच्या विरोधात जाण्यापेक्षा त्याच्या बाजूनेच बोलतात. त्याउलट 302 म्हणजे खून, 307 म्हणजे खुनाचा प्रयत्न, 376 म्हणजे बलात्कार, 384 म्हणजे खंडणी आणि 420 म्हणजे फसवणूक, यांपैकी एकच नोंद असली तरी थांबून वाचावे. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्याने क्रमांक बदलले आहेत: खुनासाठी 103, खुनाच्या प्रयत्नासाठी 109, बलात्कारासाठी 64, खंडणीसाठी 308 आणि फसवणुकीसाठी 318. त्यापूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनेच क्रमांक राहतात, त्यामुळे पुढील बरीच वर्षे एकाच शपथपत्रात दोन्ही संहिता दिसतील.

मधली कलमे अवघड असतात. सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी बळ वापरणे, म्हणजे जुने 353 आणि नवे 132, हे मोर्चातल्या धक्काबुक्कीलाही लागते आणि अभियंत्याला कार्यालयात घुसून मारहाण करणाऱ्यालाही लागते. अशा वेळी शपथपत्रातील गुन्ह्याचे थोडक्यात वर्णन, पोलीस ठाण्याचे नाव आणि वर्ष घेऊन त्या काळातली बातमी शोधावी. न्यायालयाने दोषारोप निश्चित केले आहेत काय, हा रकाना फार मोलाचा आहे. गुन्हा दाखल होणे पोलिसांच्या आणि कधीकधी सत्तेच्या हाती असते, पण दोषारोप निश्चित होतात तेव्हा प्रकरणात सकृद्दर्शनी तथ्य असल्याचे न्यायाधीशाला वाटलेले असते.

हे सर्व मतदारालाच करावे लागते, कारण कायदा फार उशिरा आडवा येतो. केवळ खटला प्रलंबित असल्याने कोणी अपात्र ठरत नाही. साधारणपणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाल्यावरच अपात्रता येते. पूर्वी शिक्षा झालेल्या विद्यमान खासदार-आमदारांना अपील दाखल करून पद राखता येत असे. ती पळवाट 10 जुलै 2013च्या निकालाने बंद झाली. पण खटला वीस वर्षे चालला तर ती वीस वर्षे उमेदवार पात्रच असतो.

गुन्हे प्रलंबित असलेल्या उमेदवाराला तिकीट का दिले याची कारणे पक्षाने जाहीर करावीत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारी 2020 रोजी दिला, आणि ती कारणे उमेदवाराची पात्रता, कामगिरी व गुणवत्ता यांच्याशी संबंधित असावीत, निव्वळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असेही बजावले. ही माहिती पक्षाच्या संकेतस्थळावर आणि वृत्तपत्रांत असते. ती शोधून वाचावी, आणि एकाच पक्षाच्या दोन उमेदवारांसाठी दिलेली कारणे शेजारी शेजारी ठेवावीत. शब्द जुळत असतील तर पक्षाने किती विचार केला हे वेगळे सांगावे लागत नाही.

मालमत्तेचे गणित

श्रीमंत उमेदवार वाईट आणि गरीब चांगला, अशी सोपी विभागणी करू नये. पाहायची ती वाढ. उमेदवार पूर्वी निवडणूक लढलेला असेल तर त्याचे मागचे शपथपत्र काढून शेजारी ठेवावे. 2019पासून नमुना 26मध्ये उमेदवार, जोडीदार, अवलंबून असलेली माणसे आणि अविभक्त हिंदू कुटुंब यांच्या गेल्या पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणपत्रांतील उत्पन्नाचे आकडे द्यावे लागतात, त्यामुळे हिशेब करणे शक्य झाले आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पाच वर्षांपूर्वी कुटुंबाची मालमत्ता 2 कोटी होती. त्यात 1 कोटी 20 लाखांची वडिलोपार्जित जमीन होती. आता एकूण मालमत्ता 7 कोटी आहे आणि त्याच जमिनीची किंमत 3 कोटी 20 लाख दाखवली आहे. वाढ 5 कोटींची दिसते, पण त्यातले 2 कोटी केवळ जमिनीचा भाव चढल्याने आले. त्यात उमेदवाराचा दोष नाही. उरले 3 कोटी. या काळात कर्ज 60 लाखांनी वाढले, म्हणजे तेवढी मालमत्ता कर्जातून आली असे धरता येईल. पती-पत्नीचे पाच वर्षांचे उत्पन्न मिळून 90 लाख, आणि त्यातला एक रुपयाही खर्च झाला नाही असे मानू. तरीही दीड कोटींचा उगम शोधायचा राहतोच. यावरून लगेच भ्रष्टाचार सिद्ध होत नाही. वारसाहक्क, भेट, किंवा करमुक्त असलेले शेतीचे उत्पन्न अशी कारणे असू शकतात, आणि ग्रामीण उमेदवारांच्या बाबतीत शेवटचे कारण बरेचदा पुढे केले जाते. मग स्थावर मालमत्तेच्या रकान्यात शेती किती एकर दाखवली आहे, ती कोणत्या गावात आहे आणि तिच्यातून एवढे पीक निघेल काय, हे तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. तो कागदापेक्षा लवकर उत्तर देईल.

याच कागदात आणखी दोन रकाने आहेत. एकात सरकारी देणी म्हणजे शासकीय निवासस्थानाचे भाडे, वीज, पाणी, कर यांची थकबाकी असते. दुसऱ्यात उमेदवाराचे किंवा जोडीदाराचे शासनाशी असलेले ठेके. नगरसेवकपदाच्या उमेदवाराचे कुटुंब त्याच पालिकेच्या ठेक्यांवर चालत असेल, तर तो पालिकेत कोणासाठी बसणार आहे हा प्रश्न सभेत उघडपणे विचारण्याजोगा आहे. खोटे शपथपत्र दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ही शिक्षा माझ्या मते फार किरकोळ आहे, आणि म्हणून शपथपत्रात लिहिलेले तपासून पाहण्याचे काम मतदाराने टाळू नये.

शिक्षणाच्या रकान्यावर फार वेळ घालवू नये. आमदार-खासदार होण्यासाठी राज्यघटनेने पदवीची अट घातलेली नाही, आणि ती न घालण्यात शहाणपण आहे. शिक्षणापेक्षा पुढचा भाग अधिक बोलका असतो.

कामाची नोंद

जो आधी निवडून आलेला आहे त्याचे काम लिखित स्वरूपात उपलब्ध असते. खासदारांची उपस्थिती, प्रश्न आणि चर्चांतील सहभाग संसदेच्या संकेतस्थळावर आणि पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या पानांवर मिळतो. राज्य विधिमंडळाच्या कामकाजाची नोंद विधिमंडळाच्या संकेतस्थळावर असते. मात्र आकड्यांच्या मागे धावू नये. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, त्यांना उत्तरे द्यायची असतात, आणि उपस्थितीच्या नोंदवहीत त्यांची सही नसते. त्यामुळे मंत्री राहिलेल्या उमेदवाराचा रकाना रिकामा दिसला तर त्याला दोष देता येत नाही. उलट, पाचशे प्रश्न विचारणाऱ्याचे सर्वच प्रश्न मतदारसंघाच्या उपयोगाचे असतात असेही नाही. पाच प्रश्न काढून पूर्ण वाचावेत. उत्तर मिळाल्यावर त्या सदस्याने पाठपुरावा केला काय, की तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारला, यातून त्याचा अभ्यास कळतो.

स्थानिक निधीबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे. खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपयांच्या कामांची शिफारस करता येते. पैसे त्याच्या खिशातले नसतात आणि काम जिल्हा प्रशासन करवून घेते. म्हणून ‘साहेबांनी सभामंडप दिला’ या वाक्याने भारावून जाण्याचे कारण नाही. कोणती कामे सुचवली, त्यातली किती पूर्ण झाली आणि किती रक्कम पडून राहिली, एवढे पाहावे. नगरसेवकाच्या बाबतीत सर्वसाधारण सभेतील उपस्थिती आणि प्रभागातील कामांची यादी माहितीच्या अधिकारात मागता येते, पण त्या अर्जाला उत्तर येण्यास तीस दिवस लागू शकतात. निवडणूक जाहीर होण्याआधीच अर्ज टाकलेला बरा.

नवखा उमेदवार असेल तर त्याला बोलते करावे. कोपरा सभेत किंवा दारी आल्यावर एकच प्रश्न पुरतो: निवडून आल्यावर पहिल्या वर्षात आपण कोणते काम करणार आणि ते करण्याचा अधिकार आपल्या पदाला आहे काय? लोकसभेचा उमेदवार गटारांचे आश्वासन देतो आणि नगरसेवकपदाचा उमेदवार शेतमालाच्या निर्यातीवर बोलतो, तेव्हा दोघांनाही आपली जागा समजलेली नसते. ‘हे माझ्या अधिकारात नाही, पण अमुक अधिकाऱ्याकडे मी पाठपुरावा करीन’ असे म्हणणारा उमेदवार दुर्मिळ असतो. असा भेटला तर त्याच्या नावापुढे खूण करावी.

‘आपला माणूस’ म्हणजे गुणवत्ता नव्हे

आता जरा नाजूक भाग. ‘आम्ही पक्ष पाहत नाही, माणूस पाहतो’ असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि थोडे खोलात गेल्यावर कळते की तो माणूस त्यांच्या जातीचा, भावकीचा किंवा गावचा आहे. पक्षाची निष्ठा सोडून नात्याची निष्ठा धरली तर तपासणीची सुरुवातही होत नाही. उलट पक्षाचा निदान जाहीरनामा तरी असतो. तसेच वैयक्तिक उपकारांचे. रुग्णालयात खाट मिळवून दिली, मुलाच्या प्रवेशासाठी चिठ्ठी दिली, लग्नाला आले, ही कृतज्ञतेची कारणे आहेत आणि ती मनात जपावीत. परंतु चिठ्ठीवर खाट मिळते याचा अर्थ चिठ्ठी नसलेल्याला ती मिळत नाही, आणि ही व्यवस्था सुधारणे हेच निवडून दिलेल्या माणसाचे खरे काम होते. लोकांना सहज भेटणे हा गुण निश्चित आहे. तो इतर गुणांच्या शेजारी ठेवावा, त्यांच्या जागी नव्हे.

मनातली निष्ठा ओळखण्यासाठी पक्षांची अदलाबदल करून पाहावी. आपल्या उमेदवाराचा जो दोष आपण ‘राजकारणात चालायचेच’ म्हणून सोडून दिला, तोच दोष समोरच्या पक्षाच्या उमेदवारात असता तर आपण काय बोललो असतो? दोन्ही उत्तरे सारखी नसतील तर तपासणी पुन्हा सुरू करावी.

मत वाया जाण्याची भीती

चांगला उमेदवार सापडला, पण तो अपक्ष किंवा लहान पक्षाचा आहे आणि निवडून येणे कठीण आहे, असे बरेचदा होते. सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो, अशी आपली पद्धत असल्याने ही भीती निराधार नाही. एका उमेदवाराला कोणत्याही परिस्थितीत थांबवणे आपल्याला सर्वांत महत्त्वाचे वाटत असेल, तर त्याला हरवू शकणाऱ्या दोघातिघांतून अधिक चांगला निवडणे हेही गुणवत्तेवरचेच मतदान आहे. तसे नसेल तर पसंतीच्या उमेदवाराला मोकळेपणाने मत द्यावे; हरलेल्या उमेदवाराने मिळवलेली मते पुढच्या वेळी तिकीट वाटणारे सर्वच पक्ष मोजतात. अपक्षाला मात्र एक प्रश्न आवर्जून विचारावा: बहुमताची गरज पडली तर आपण कोणाला पाठिंबा देणार? निवडून आल्यावर अपक्ष एखाद्या पक्षात रीतसर सामील झाला तर त्याची जागा जाते, पण बाहेरून पाठिंबा देण्यास अडचण नसते, आणि सौदे तेथेच होतात.

एकही उमेदवार पसंत नसेल तर 2013पासून मतपत्रिकेच्या शेवटी ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आहे. लोकसभा-विधानसभेत त्याला सर्वाधिक मते पडली तरी निकाल बदलत नाही. उरलेल्यांतला पहिला निवडून येतो. त्यामुळे हा पर्याय निषेध नोंदवण्यापुरता आहे हे जाणूनच वापरावा, आणि शपथपत्रे न वाचता तर कधीच वापरू नये.

मतदानाच्या दिवशी

मतपत्रिकेत आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय व राज्यस्तरीय पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, आणि शेवटी अपक्ष अशी रचना असते, व प्रत्येक गटात नावे वर्णानुक्रमे येतात. आपण निवडलेला उमेदवार तळाशी, कधीकधी दुसऱ्या यंत्रावर असू शकतो. मोठ्या लढतींत एकसारख्या नावाचे दोन-तीन उमेदवार हमखास उभे असतात, आणि तो योगायोग क्वचितच असतो. म्हणून नावाबरोबर छायाचित्र आणि अनुक्रमांक पाहूनच बटण दाबावे. बहुसदस्यीय प्रभागात चारही नावे क्रमाने पाठ करून जावीत, कारण मोबाइल आत नेता येत नाही आणि घाईत हात सवयीच्या चिन्हाकडे वळतो.

घरी आल्यावर वाचलेली शपथपत्रे मतदारसंघाचे नाव आणि वर्ष घालून संगणकात जपून ठेवावीत. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला निवडणूक खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. महाराष्ट्रात उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा 2022पासून लोकसभेला 95 लाख आणि विधानसभेला 40 लाख आहे. विजयी उमेदवाराचा तो हिशेब मिळवून त्याच फोल्डरमध्ये टाकावा, आणि प्रचारात पाहिलेली वाहने, मंडप व फलक आठवून तो एकदा वाचावा. पाच वर्षांनी मालमत्तेचे गणित पुन्हा मांडायचे आहे, तेव्हा शेजारी ठेवायचा कागद हाच असेल.